ब्रेस्लाऊला गेलेले शेवाळ

बेर्तेला यातून मिळणार होते ते इतकेच: एका जाडजूड जर्मन पुस्तकात, पानाच्या तळाशी, लॅटिनमध्ये लिहिलेले तिचे नाव. त्या नावावर तिला कुणी पावशेर साखर उधार दिली नसती. ते पुस्तक उभ्या नॉर्वेत पंधरा-वीस माणसे उघडणार, आणि त्यांतली निम्मी चुका काढायला. तरीही त्या गुरुवारी सकाळी धक्क्यावर हेरिंग निवडताना तिने ही गोष्ट मासेवाल्या गुरीनेला सांगून टाकली. गुरीनेला सांगणे म्हणजे चर्चमध्ये उभे राहून वाचून दाखवण्यासारखेच होते.

"तुझं नाव शेवाळाला?" गुरीनेने सुरी थांबवली. "दगडावर वाढतं, त्या?"

"धबधब्यामागच्या दगडावर. साधं नाही ते. स्टॉकहोमच्या विद्वानांनी पत्र पाठवून कळवलंय, असं आजवर कुणी पाहिलेलं नाही म्हणून."

"बावीस वर्षं राबलीस त्या औषधवाल्याच्या घरात. निदान एखाद्या झाडाला तरी द्यायचं होतं नाव."

"झाडांची सगळी नावं ठेवून झालीत, बाई."

"बरं, बरं. पण उद्या तुझ्यावरून पाय घसरून कुणी पडलं, तर मलमपट्टी तुझ्याच दुकानातून फुकट हं."

बायका हसल्या. बेर्तेही हसली; तिला ते आवडलेच होते. वय चोपन्न, नवरा नाही, मूल नाही. त्या गावात गरिबाच्या थडग्यावर लाकडी क्रूस लागे आणि वीस वर्षांनी जागा पुढच्या माणसाला जाई. तिच्या आईच्या जागेवर आता पिंपे बनवणाऱ्याची बायको होती. पुस्तकातली जागा तशी कुणी खाली करायला लावत नाही, एवढा विचार तिने करून ठेवला होता.

तिचे मालक मथियास फाल्कांगर खाली औषधे विकत आणि वर, माळ्यालगतच्या खोलीत, शेवाळे गोळा करून ठेवत. गावाला खालचे फाल्कांगर ठाऊक होते. वरचे ठाऊक होते ते फक्त दूरच्या तिघा विद्वानांना, टपालाने: स्टॉकहोमला एक, एडिनबराला एक, आणि जर्मनीतल्या ब्रेस्लाऊला प्राध्यापक वेन्त्सिग, ज्यांच्याशी एकतीस वर्षे पत्रे चालू होती आणि भेट एकदाही झाली नव्हती. शेवाळाच्या देठांवरची दवबिंदूएवढी बोंडे, त्यांच्या तोंडाचे दात, ते सोळा की बत्तीस, यावर हे दोघे चार-चार पाने लिहीत. सहा वर्षांपूर्वी फाल्कांगरांचा गुडघा गेला, त्यानंतर डोळेही मंदावले. तेव्हापासून डोंगर बेर्ते चढे, आणि त्यांच्या कच्च्या मजकुराची स्वच्छ नक्कलही तीच करी.

या विद्वानांत एक रीत होती. नव्या सापडलेल्या वनस्पतीला कुणी स्वतःचे नाव द्यायचे नाही, घरातल्या माणसाचेही नाही. ते आपल्याच हाताने आपल्या कोटाला पदक टाचण्यासारखे दिसते. म्हणून सापडलेली वस्तू मित्राकडे पाठवायची, आणि नाव मित्राने द्यायचे. पुढच्या वेळी तुम्ही त्याच्यासाठी तेच करायचे. देवाणघेवाण चोख होती, फक्त तिला देवाणघेवाण म्हणायचे नाही. त्या रीतीप्रमाणे नमुन्याची पुडी महिन्यापूर्वीच ब्रेस्लाऊला गेली होती आणि 'हिला माझ्या घरच्या बेर्तेचे नाव द्यावे' ही विनंती आज जायची होती. कच्चे पत्र टेबलावर तयार होते.

दुपारी आगबोट आली. तिच्यातून काळ्या काठाचा, म्हणजे कुणी गेल्याचा, लिफाफा आला.

फाल्कांगरांनी तो हातात फिरवला आणि तिच्याकडे दिला. "वाच."

तिने वाचले. वेन्त्सिगांचे पत्र जेमतेम पाच ओळींचे होते. 'माझी लेक आडेलहाइड अठरा मार्चला तापाने गेली. तुमची पुडी पोचली आहे. मी ती उघडलेली नाही. पुड्या ती उघडत असे.'

बेर्ते खाली बसली. साहेबांसमोर ती सहसा बसत नसे.

शेवाळ पाठवायची पुडी म्हणजे औषधाच्या पुडीसारखीच घडी: तीन दुमडी, दोन कान आत, डिंक नाही. ती घडी घालायची बेर्तेने आणि उघडायची आडेलहाइडने. कागद महाग, म्हणून रिकाम्या पुड्या परत येत. नऊ वर्षांपूर्वी अशाच एका परत आलेल्या पुडीवर पेन्सिलीने बारीक लिहिले होते: 'घडी उत्तम.' पुढच्या वेळी बेर्तेने आत लाल सुताचा एक तुकडा ठेवला. त्यावर तिकडून सुकलेले व्हायोलेटचे फूल आले. मोठ्या माणसांची पत्रे दातांबद्दल बोलत राहिली आणि या दोघींचे असे काहीबाही, नऊ वर्षे, त्याच टपालखर्चात चालले.

"बिचारा," फाल्कांगर म्हणाले. "दोन ओळी सांत्वनाच्या घालू वरती. बाकी पत्र आहे तसंच जाऊ दे."

"साहेब, नाव तिचं द्या."

"कुणाचं?"

"आडेलहाइडचं. तिचे वडील देऊ शकत नाहीत, तुमची रीत आड येते. तुम्ही देऊ शकता."

"आणि तुझं?"

"मी आहे की अजून. मला हाक मारायला माणसं आहेत."

"दुसरं नवीन सापडेल का तुला?"

ती खोटे बोलू शकली असती. "नाही. तो कडा मी सगळा पाहिलाय."

"मग नाही." त्यांनी काठी जमिनीवर टेकवली. "बावीस वर्षांत पगाराबाहेर माझ्याकडून काही घेतलं नाहीस. नाताळला शाल दिली तर म्हणालीस, आहे एक. हे तरी घे. वाद नको, बेर्ते. चारला बोट सुटते, नक्कल कर."

ती नक्कल करायला बसली.

बेर्तेचे जर्मन सगळे या पत्रांतूनच आलेले होते. बोंडाचे टोपण चोचीसारखे आहे, हे ती बिनचूक लिहू शके. ब्रेस्लाऊच्या बाजारात तिला पाव मागता आला नसता. 'आपल्या दुःखात सहभागी' हे आत्ताच साहेबांनी सांगितले म्हणून लिहिले. विनंतीच्या परिच्छेदाशी आली आणि तिची लेखणी थांबली. पुढे तिला जे लिहायचे होते त्यासाठी तिच्याजवळ शब्दच नव्हते. होते ते शेवाळाचे. तेच तिने वापरले.

'ही जात नाजूक असून सावलीत वाढते. घाईने पाहणाऱ्याच्या नजरेस पडत नाही. पूर्ण सुकली तरी पाणी मिळताच काही क्षणांत पुन्हा हिरवी होते. आपण पुडी उघडावी व पाणी घालून पाहावे. मी हिला आपल्या कन्येचे नाव देत आहे.'

साडेतीनला फाल्कांगर म्हणाले, "वाचून दाखव."

तिने वाचून दाखवले, पण साहेबांच्या कच्च्या पत्रातले. स्वतःचे नाव आले तिथे तिचा आवाज जरा बसला. साहेबांनी ते विनय समजून मान डोलावली, कागदाजवळ नाक नेले आणि तिने बोट ठेवले होते तिथे सही केली. चारला बोट सुटली.

सात आठवड्यांनी उत्तर आले. तोवर धक्क्यावर तिला 'शेवाळबाई' म्हणू लागले होते आणि ती हाकेला ओ देत होती.

पत्र ती स्वयंपाकघराच्या टेबलाशी साहेबांना वाचून दाखवू लागली. नको त्या ओळी गाळून पुढे जाता आले असते. साहेबांना अक्षर दिसत नव्हते. तिने एकही ओळ गाळली नाही.

'मित्रा, एकतीस वर्षांत तू मला इतके सोपे कधी लिहिले नव्हतेस. मी पुडी उघडली. घडी तिला आवडायची तशीच होती. बशीत ठेवून पाणी घातले. ते हिरवे झाले. मी बराच वेळ बसून होतो. तिचे नाव दिल्याबद्दल तुझे आभार कसे मानावेत, मला कळत नाही. छापखान्याला मजकूर धाडला आहे.'

 चुलीवर कॉफी उतू जाऊ लागली तेव्हा तिने उठून भांडे बाजूला केले.

"हे मी लिहिलं?" फाल्कांगरांनी विचारले.

"सही तुमची आहे."

"सही माझीच असते. जर्मन कुणाचं होतं?"

"तेही तुमचंच. सहा वर्षांच्या नकलांतलं. इकडचं तिकडचं उचललं."

"काय लिहिलंस, सांग."

तिने जसेच्या तसे सांगितले. पाठच झाले होते. ते ऐकत राहिले. 'घाईने पाहणाऱ्याच्या नजरेस पडत नाही' इथे त्यांनी तिच्याकडे पाहिले, म्हणजे ती होती त्या बाजूला तोंड केले.

"व्याकरण?" ती म्हणाली. "चुकलं असेल कुठे."

"नाही," ते म्हणाले. "चांगलं आहे." मग, अगदी हळू: "मला ते तुला द्यायचं होतं गं."

तो 'गं' तिने बावीस वर्षांत ऐकला नव्हता.  तिने त्यांचा कप भरला, साखर दोन चमचे घातली, ढवळून कान उजव्या हाताला येईल असा ठेवला.

गोळाबेरीज अशी झाली. वेन्त्सिगांना लेकीचे नाव मिळाले. पुढल्या वर्षीच्या पुस्तकात, पानाच्या तळाशी, ते ठळक छापून आले. शोधकर्ता म्हणून फाल्कांगर आले, धबधबाही आला. बेर्ते कुठे आली नाही, आणि धक्क्यावरची थट्टा तिला आणखी दोन हिवाळे पुरली. हे सारे आपल्या अंगावर येणार, हे चार वाजायच्या आत तिने मोजले होते आणि कबूल केले होते. मोजायचे राहिले ते एवढेच, की ते नाव तिचे होण्याआधी एका म्हाताऱ्याने तिला द्यायला काढलेली एकुलती एक वस्तू होती. दिले दोघांनी. त्यांतला होकार तिचा एकटीचा होता.