लग्नपत्रिकेवर उमटलेला ‘--शांत’

मित्रांनो, मी एक जुना ऑप्शन आहे. दोन छोट्या आडव्या रेघा आणि पुढे ‘शांत’, एवढाच माझा देह. फायलींच्या जुन्या-नव्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या एका सॉफ्टवेअरला आज्ञा देताना शेवटी मला लिहिलं, की ते बडबड न करता विचारलेलं तेवढंच सांगतं.

बंगळुरातल्या मारतहळ्ळीच्या पद्मनाभ नावाच्या प्रोग्रामरने मला घडवलं. माझी उमेदीची वर्षं मात्र त्याच शहरातल्या शिवाजीनगरात, विठोजीअण्णांच्या लग्नपत्रिकांच्या छापखान्यात गेली. तिथला प्रोग्राम माझ्यामार्फत आवृत्ती विचारायचा आणि जे उत्तर येईल ते प्रूफच्या तळाशी छापायचा. ‘दुसरी दुरुस्ती’, ‘तिसरी दुरुस्ती’. अण्णा कौतुकाने म्हणायचे, “याची काही कटकटच नाही.” मी फुशारून जायचो.

मग ‘मूक’ आला. काम माझंच, पण भलताच चपळ. पद्मनाभच्या जागी पुण्याहून आलेल्या कस्तुरीने मला निवृत्त करायचं ठरवलं. माझ्या तोंडचं पाणी पळालं. पण पोरगी भली. मला कोणी वापरलं, की सॉफ्टवेअरने आधी सांगावं, ‘--शांत लवकरच बंद होणार आहे’, अशी तिने सोय केली. फक्त ही सूचना तिने उत्तराच्याच वाटेने पाठवली.

दुसऱ्याच दिवशी अण्णांचा फोन आला. “कस्तुरीअक्का, स्वल्प, जरा बघा की. अनुषाच्या पत्रिकेच्या प्रूफवर ‘--शांत लवकरच बंद होणार आहे’ असं छापून आलंय. तिची आई विचारतेय, काय बंद होणार, लग्नाचा हॉल, कल्याणमंटप का? आज छपाई नाही झाली तर पत्रिका वाटायच्या कधी?”

कस्तुरीला हसू फुटलं, मग ती ओशाळली. “अण्णा, तुमचा प्रोग्राम बदलता येईल का?”

“लिहिणारा कॅनडात जाऊन बसलाय.”

“सरी, ठीक आहे. मग तुम्ही काही बदलू नका. मीच बदलते.”

तिने सूचनेला वेगळी वाट दिली. आता ती पडद्यावर दिसते, छपाईत शिरत नाही. नव्या लोकांसाठीच्या मदतीच्या पानावरून तिने माझं नाव काढलं, पण मला काढलं नाही. आजही अण्णांकडून मला हाक येते, मी ‘ओ’ देतो आणि आतून मूक काम करतो. आमचं छान जमतं.

मित्रांनो, नवं जरूर आणा. पण जुनं दार बंद करण्याआधी तिथून अजून कोण ये-जा करतं, ते बघत जा. त्या संध्याकाळी अनुषाच्या पत्रिका छापून निघाल्या. त्यांवर घरातल्या सगळ्यांची नावं होती, माझं कुठेच नव्हतं. एवढा मान मला आयुष्यात मिळाला नव्हता.