नसलेली फुलपाखरं

जेवताना ब्रुनोने डाव्या मनगटावरून चार वेळा काहीतरी झटकलं. मनगटावर काहीच नव्हतं, हे त्याच्या बायकोने, वांडाने, नीट पाहिलं. न्यू जर्सीतल्या ज्या कारखान्यात तो कामाला होता, तिथे पेट्रोलमध्ये मिसळायचं शिशाचं रसायन बनत असे. तिथल्या कामगारांना असेच नसलेले किडे, फुलपाखरं दिसू लागत. दोघे तर वेड लागून मेले होते.

"आजही फुलपाखरं?" तिने विचारलं.

"दोनच गं. तुझ्यापेक्षा गरीब होती, चावली नाहीत," तो हसला. मग त्याने वर्तमानपत्र पुढे सरकवलं. "हे वाच. वॉशिंग्टनच्या साहेबांनी चौकशी केली. हे पेट्रोल विकायला हरकत नाही म्हणतात. म्हणजे कारखाना चालू, पगारही चालू. उन्हाळ्यात आपली मोटार आलीच समज."

"एक दिवस तुझ्या जागी उभं राहून बघितलं का त्या साहेबांनी?"

"झालं तुझं सुरू!"

मोटारीचा हट्ट मुळात वांडाचाच होता. म्हणून तर कुरकुर केली तरी ‘काम सोड’ असं ती वर्षभरात एकदाही म्हणाली नव्हती.

ब्रुनोने पावाचा तुकडा तोडला आणि समोरच्या रिकाम्या खुर्चीपुढे धरला. "घे रे अर्नेस्ट, लाजतोस काय?"

अर्नेस्ट म्हणजे कारखान्यात वेड लागून मेलेल्या त्या दोघांतला दुसरा. त्याला पुरून तीन आठवडे झाले होते.

वांडाने ब्रुनोचा हात धरून हळूच खाली ठेवला.

"ब्रुनो, उद्यापासून तू कामावर जायचं नाहीस."