नादबाबाचा काळा प्रीॲम्प

जुन्या ध्वनियंत्रांच्या त्या दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. कुणी वडिलांची कॅसेट छातीशी धरून उभं होतं, कुणी नवऱ्याची. दुकानदाराला सगळे नादबाबा म्हणत. मेलेल्या माणसाची कॅसेट त्याच्या काळ्या प्रीॲम्पमधून वाजवली, की ते माणूस शेजारी येऊन बसतं, अशी ख्याती होती.

पुढच्या खुर्चीत माझी वहिनी बसली होती. मांडीवर लेकीचं व्हायोलिन. ती लेक, माझी भाची, तापाचं निमित्त होऊन गेली. मागे तिच्या गाण्याच्या कॅसेट उरल्या. घरचा प्रीॲम्प, म्हणजे टेप आणि ॲम्प्लिफायरच्या मधला, आवाज कमीजास्त करणारा डबा, जळाला होता. परवडेलसा एखादा जुना बघायला निघालो आणि इथे अडकलो. काळ्या डब्याच्या बदल्यात नादबाबाला ते व्हायोलिन हवं होतं.

"आधी हा साधा ऐका." त्याने फळीवरचा करडा प्रीॲम्प जोडला. भाची गायली. "कोरडा. आवाज आहे, माणूस नाही." मग काळा जोडला. "हा डबा नाही, माऊली. दार आहे."

तोच आवाज पुढे आला. गाताना घेतलेला श्वाससुद्धा ऐकू आला. वहिनीने तोंडावर हात दाबला. मागे कुणीतरी हुंदका दिला. खरं सांगते, माझ्याही अंगावर काटा आला.

पण मी कानांची डॉक्टर. कान किती भोळे असतात, ते रोज बघते. फोनवर आवाज मोजायचं ॲप उघडून मी दोन्ही डबे पुन्हा वाजवायला लावले. काळा दर वेळी किंचित मोठा वाजत होता. लक्षात येणार नाही इतकाच.

"मी कानांची डॉक्टर आहे. दोन्ही सारखे करा," मी म्हटलं.

"शंका घेतली की दार बंद होतं, डॉक्टरीणबाई."

"बटण जरा फिरवलं की बंद होणारं दार आहे म्हणजे."

कुणी हसलं नाही. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "बाई, भेटू द्या हो आम्हाला आमच्या माणसांना."

वहिनीच म्हणाली, "वन्सं, करा सारखे. मी डब्यांकडे पाठ करून बसते. ती येत असेल तर मला कळेल. आई आहे मी."

आता नादबाबाला नाही म्हणता येईना. मी मोजून आवाज सारखे केले आणि न सांगता डबे आलटूनपालटून लावले. वहिनी पाठमोरी ऐकत होती. मग तिचे खांदे हलले.

"हा. ही आली."

वाजत होता करडा.

तिने वळून पाहिलं. तो चेहरा मी विसरू शकत नाही.

मी लोकांना सांगितलं, "तेच गाणं किंचित मोठं वाजलं की कानाला जवळचं वाटतं. याने एवढंच केलं. बाकीचं काम तुमच्या दुःखाने केलं."

काही जण निघून गेले. म्हातारे गृहस्थ रिकाम्या खुर्चीत येऊन बसले. "मला काळाच लावा," ते म्हणाले.

आम्ही करडा घेतला. बटण फिरवताना खरखर नव्हती, दोन्ही स्पीकर सारखे वाजत होते, गाणं थांबल्यावर गुणगुण नव्हती. जुन्या प्रीॲम्पकडून याहून जास्त मागू नये. व्हायोलिन वहिनीने घट्ट धरलं होतं.

घरी तिने विचारलं, "ती येणार नाही ना?"

"नाही, वहिनी."

हे सांगणं फार जड गेलं. पण खोटं सांगणारे पुष्कळ आहेत, आणि ते दुःखी माणसालाच हेरतात. म्हणून चमत्कार दाखवणाऱ्याला एवढंच म्हणा: कोणता डबा ते न सांगता ऐकव. त्याने कां-कूं केली, की उठा आणि आपल्या घरी जा.