पाहणीपुरती गप्प

मालुबाईनं भिंतीवरचा खटका खाली दाबला तसे दोन्ही माग धापा टाकत थांबले. एक धोटा ताण्याच्या मधोमधच अडकला. एरवी तिनं तो आधी बाहेर काढला असता. आज ती तशीच दारात गेली आणि गल्लीच्या टोकापर्यंत कान लावून उभी राहिली. समोरच्या भरमूचे माग थांबले, मग जयाबाईचे, मग कोपऱ्यावरचे. सीमाभागातल्या वडगावातली ती गल्ली भर सकाळी साडेदहा वाजता गप्प झाली. अशी गप्प ती फक्त करंट गेल्यावर व्हायची, आणि तेव्हा माणसं वीज कंपनीच्या नावानं शंख करायची. आज शंख करायलाही बंदी होती.

"समदी बंद झाली का गं?" तिनं सुनेला विचारलं.

"हळू बोला की आत्ती," रूपाली म्हणाली. "पार विठ्ठलाच्या देवळापर्यंत गेलं ते."

मालुबाई हळूच बोलली होती. पण मागाच्या खडखडाटात जन्म गेलेल्या बाईचं हळू म्हणजे दुसऱ्याचं भांडण. ह्या गल्लीत लेकराला अंगाईसुद्धा ओरडून म्हणतात आणि लेकरंही त्याशिवाय झोपत नाहीत.

घराच्या भिंतीला लागून मारुतीरावांची मोकळी जागा होती; गल्लीची सरकारी कामं तेच करून द्यायचे. जागा राहत्या घरांसाठीची. तिथं मंगल कार्यालय बांधायचं म्हणून ती धंद्याच्या वापराला बदलून मिळावी, असा अर्ज मारुतीरावांनी घातला होता. हरकत असेल तर कळवा, अशी नोटीस खांबाला चिकटवली गेली. ती कानडीत होती. रूपालीनं ती वाचली, अर्जाची नक्कल मिळवली आणि तिच्यातलं एक वाक्य सासूला तीनदा वाचून दाखवलं : कार्यालयासाठी लागणारा तीस फुटी रस्ता गल्ली रुंद करून मिळवला जाईल.

गल्ली बारा फूट. उरलेले अठरा फूट कुठून येणार, हे समजायला शाळा लागत नाही. पुढच्या खोल्यांतून. आणि पुढच्या खोल्यांतच तर माग होते.

मालुबाई रिक्षा करून नगररचनेच्या हापिसात गेली होती. हरकतीच्या अर्जावर पहिली सही तिची. कोर्टासमोरच्या टायपिस्टानं अर्जात आपल्या मनानं एक वाक्य घातलं होतं : ही शांत, केवळ राहत्या घरांची वस्ती आहे. वाक्य झोकात वाटलं म्हणून कुणी खोडलं नाही. मग एका संध्याकाळी मारुतीराव दारात आले. पायरीवर बसले, चहा प्याले आणि उठताना म्हणाले, "आक्का, शांत वस्ती म्हणे! मग तुमचे माग काय देवाची आरती करत्यात? साहेब बघायला येतील. माझं कार्यालय धंदा, तर तुमचा मागबी धंदा. जातील दोन्ही."

त्या दिवसापासून मालुबाईच्या घशाखाली भाकरी नीट उतरत नव्हती. हरकत मागे घ्यावी तर पुढची खोली जाणार. न घ्यावी तर साहेबच माग बंद करणार. शेवटी भरमूनंच तोड काढली : साहेब येतील त्या तासाभरापुरते समद्यांनी माग बंद ठेवायचे. दिसणार तरी काय? बंद दारं.

साहेब मोटारसायकलवरून आले. साधा माणूस, घामेजलेला शर्ट, काखेत फाईल. त्यांच्या शेजारी पांढऱ्या इस्त्रीत मारुतीराव. दोघं गल्लीच्या मधोमध उभे राहिले. मालुबाईच्या दाराशी जयाबाई येऊन खेटून उभी राहिली. कुठंतरी कुकरची शिट्टी झाली आणि दोघी दचकल्या.

आणि त्या शांततेत पलीकडून आवाज आला. खटाक् फटाक्. खटाक् फटाक्.

एकच माग. ठणठणीत चालणारा.

मालुबाईनं माग आवाजावरूनच ओळखला. मष्णूअण्णा. चाळीस वर्षं मागावर बसून त्याचे दोन्ही कान गेले होते. मघाशी धागा जोडायला त्याचा माग थांबला असेल तेवढाच; गल्ली थांबली हे त्याला कळणार कसं?

"अगं जयाबाई," ती कुजबुजली, "मष्णूअण्णाला कुणी सांगितलं न्हाय व्हय? मला वाटलं तू सांगितलंस!"

"मला वाटलं भरमूनं सांगितलं," जयाबाईही कुजबुजली.

"मला वाटलं तुमी," भरमू समोरच्या खिडकीतून कुजबुजला.

साहेब वीस पावलांवर होते. त्यांनी वळून आधी मालुबाईकडे, मग खिडकीकडे बघितलं.

"कुणीच नाही सांगितलं वाटतं," ते आपल्या कानडी वळणाच्या मराठीत म्हणाले.

रूपालीनं कपाळाला हात लावला.

"बघितलासा न्हवं साहेब?" मारुतीराव फुलले. "ही ह्यांची शांत वस्ती! घरटी दोन माग हायेत. मुद्दाम बंद ठेवल्यात. आधीपासनंच धंद्याची गल्ली ही. मग माझ्या कार्यालयानंच काय पाप केलंय?"

साहेब आवाजाच्या दिशेनं गेले. मालुबाई मागोमाग, तिच्या मागोमाग निम्मी गल्ली. लपण्यात आता अर्थ नव्हता.

मष्णूअण्णा पाठमोरा होता. तुटलेला धागा जोडून त्यानं पुन्हा कापडावर नजर लावली. दारातला उजेड अडला तेव्हा कुठं त्यानं मान वळवली, माग थांबवला आणि जमलेल्या गर्दीवरून डोळे फिरवले.

"काय गं मालू," त्यानं काळजीनं विचारलं, "कोण गेलं?"

कुणी हसलं नाही. साहेब वाकून मागाच्या मोटरीवरची पट्टी वाचत होते. त्यांनी फाईल उघडली, पेनचं टोपण काढलं आणि लिहायला लागले. ते पेन कागदावर टेकलेलं बघितलं आणि मालुबाईचा इतके दिवस धरलेला धीर सुटला.

"लिहू नगासा साहेब! पाया पडतो, पर लिहू नगासा. हातावरचं पोट हाय. आमी काय फुकट चालवत न्हाय. दर दिवाळीला साडी पोचती की तुमच्या हापिसात! घरटी एक. माझं मालक वारलं त्या वर्षीबी मी चुकवली न्हाय."

पेन थांबलं.

"कुठली साडी?"

मालुबाईनं मष्णूअण्णाच्या मागावरच्या कापडाकडे बोट केलं. "हीच की. आमच्या मागावरची. माग चालू ऱ्हावेत म्हणून. तुमास्नीच देतात न्हवं?"

"मला?" साहेबांनी आपल्या घामेजलेल्या शर्टाकडे बघितलं. "कोण देतात?"

रूपालीनं मारुतीरावांकडे बघितलं. मग जयाबाईनं बघितलं. मग भरमूनं. मारुतीरावांना अचानक मोबाईलमध्ये काहीतरी फार महत्त्वाचं दिसलं.

"यार हेळिद्रु निमगं?" साहेब कानडीतच बोलून गेले. मग सावकाश, एकेक शब्द मोजून म्हणाले, "कुणी सांगितलं तुम्हाला की माग बंद करतात? घरातला माग राहत्या भागात चालतो. मोटर लहान पाहिजे, एवढंच. म्हणून तर मी पट्टी बघितली. ही लहान आहे. मी तेच लिहितोय. नियमात आहे ते. पहिल्यापासून."

"पयल्यापासनं?" मालुबाईनं विचारलं.

"पहिल्यापासून."

ते बाहेर आले. टेप काढली, एक टोक भरमूच्या हातात दिलं, दुसरं स्वतः धरलं. बारा फूट दोन इंच. दोनदा मोजलं, दोनदा तेवढंच.

"मारुतीराव, तीस फूट लिहिलंय तुम्ही अर्जात. लोकांची घरं पाडून रस्ता देणारे तुम्ही कोण?" त्यांनी फाईल मिटली. "निकाल वरचे देतील. पण एवढ्याशा बोळात कार्यालय मंजूर झालेलं मी तरी कुठं बघितलं नाही. मी नाही असंच लिहिणार." आणि मोटारसायकलला किक मारून ते निघून गेले.

मालुबाई मष्णूअण्णाच्या पायरीवर मटकन बसली. जयाबाई तिच्या शेजारी बसली आणि का कुणास ठाऊक, हसायला लागली. भरमू हसला. मग सगळेच हसले, डोळ्यांत पाणी येईस्तोवर.

"काय म्हणाला त्यो?" मष्णूअण्णानं विचारलं.

"माग चालतोय म्हणाले अण्णा!" भरमू त्याच्या कानात ओरडला.

"चालतोय की. तुमी यीपर्यंत चालतच हुता."

हसू ओसरलं तसं मालुबाईला भूक लागल्याचं जाणवलं. किती दिवसांनी खरी भूक. रूपालीनं आणलेली कालची भाकरी तिनं चटणी लावून तिथंच पायरीवर खाल्ली. खाता खाता एकेका साडीचा रंग तिच्या डोळ्यांपुढून गेला. आमसुली. मोरपंखी. नवरा गेला त्या वर्षीची डाळिंबी, जी तिनं रडत रडत विणली होती. तिच्या स्वतःच्या अंगावर आजवर मागावरची नवी साडी चढली नव्हती. भीती ज्याची त्यानं विणायची आणि ल्यायची दुसऱ्यानंच, हा धंदा गल्लीत बिनपरवाना इतकी वर्षं चालला होता.

"चालू करू का आत्ती?" रूपालीनं घरातून विचारलं. हात खटक्यावर होता.

"थांब जरा."

मारुतीराव गल्लीच्या तोंडाशी गाडीचं दार उघडत होते. मालुबाई हात झटकत त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. दारादारांतून माणसं बघत होती, आणि एकही माग चालत नव्हता.

"ह्या दिवाळीला येऊ नगासा," ती म्हणाली.

मारुतीरावांनी कसंनुसं हसू आणलं. "आक्का, रागाच्या भरात बोलू नगासा. उद्या काय अडलं-नडलं तर कुणाकडं जाशीला?"

"हापिसात," मालुबाई म्हणाली. "रिक्षा करून."

मग ती वळली आणि ओरडली, "लाव गं रूपाली!"