पाच सेंटिमीटरचा चौकोन

चिमणी सकाळपासून घड्याळाकडे बघत होती. चार वाजता ‘बेतणी’ची नवी आवृत्ती जगापुढे येणार होती, आणि वेबसाइटवरच्या अकरा पानांपैकी दहा पानं तिने नव्याने लिहून, तपासून तयार ठेवली होती. राहिलं होतं एकच, छपाईचं पान.

चिमणी हे तिचं घरचं नाव. चाळिशी उलटली, दातांच्या दवाखान्यात तिच्या एका हाकेवर पेशंट सुतासारखे सरळ बसतात, तरी नाव काही मोठं झालं नाही. ‘बेतणी’ म्हणजे अंगाची मापं दिली की कपड्याच्या कटिंगचे नमुने काढून देणारा प्रोग्रॅम. नमुना साध्या प्रिंटरवर छापायचा, कागद एकमेकांना चिकटवायचे आणि कापडावर ठेवून कापायचं. या प्रोग्रॅमला मालक नाही. देशोदेशीच्या हौशी माणसांनी तो मिळून लिहिलाय. कोणीही फुकट घ्यावा, कोणीही सुधारावा. प्रोग्रॅम लिहायला सगळे एका पायावर तयार असतात. तो वापरायचा कसा हे लिहायची वेळ आली, की प्रत्येकाला घरची कामं आठवतात. म्हणून पाच वर्षांपूर्वी वेबसाइट आणि माहितीची पानं चिमणीच्या गळ्यात पडली, आणि खरं सांगायचं तर हे गळ्यात पडलेलं तिला दागिन्यासारखं आवडत होतं.

यंदापासून तिने एक नियम केला होता. पान लिहून झालं, की प्रोग्रॅमशी काही देणंघेणं नसलेल्या माणसाला बसवायचं. त्याने वाचत वाचत, लिहिलंय तेवढंच करायचं. चिमणीने मागे बसून तोंडातून चकार शब्द काढायचा नाही. माणूस अडला, तर दोष पानाचा. छपाईच्या पानासाठी समोरचा घड्याळवाला ठरला होता. दुपारी एक वाजता त्याचा निरोप आला, ताप भरलाय म्हणून.

आता हाताशी एकच माणूस होतं, ताई. आणि ताईला विचारायचं म्हटल्यावर चिमणीचा पाय उचलेना.

ताई तिची सख्खी मोठी बहीण, दोन गल्ल्या सोडून तिचं शिवणकामाचं दुकान. सव्वीस वर्षांत तिच्या कात्रीला कोणी बोट दाखवलं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी चिमणीनेच तिच्या मागे लागून दुकानात कॉम्प्युटर बसवून दिला. पहिलं काम आलं ते एका व्हायोलिनवाल्याच्या कोटाचं. चिमणी तेव्हा परगावी होती, म्हणून ताईने वेबसाइटवरचं छपाईचं पान एकटीने वाचून नमुना काढला, कापलं, शिवलं. कोट छातीवर बसेचना. माणूस भला, तक्रार न करता गेला, आणि परत कधी आला नाही. चिमणी आल्यावर तिच्या तोंडून निघून गेलं, “ताई, तू नीट वाचलं नसशील.”

ताईने कॉम्प्युटरवर चादर टाकली आणि पुन्हा खाकी कागदावर हाताने रेघा ओढायला सुरुवात केली. तेवढ्यावर थांबलं असतं तर बरं होतं. पण तेव्हापासून ताई प्रत्येक माप दोनदा घ्यायची, आणि कापण्याआधी कात्री हातात धरून उगाच थांबायची. हे थांबणं आधी नव्हतं. चिमणीला ते दिसायचं आणि दर वेळी खुपायचं.

“अर्धा तास दे,” दुकानात शिरत चिमणी म्हणाली.

“माझं डोकं त्यातलं नाही. तुला माहितीये.”

“म्हणूनच तर तू हवीस,” चिमणी म्हणाली आणि लगेच जीभ चावली.

ताईने चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. मग हातातली बाही बाजूला ठेवून तिने चादर ओढून काढली. चांगलीच धूळ उडाली. “बसते. पण तुला गप्प बसणं जन्मात जमलेलं नाही,” असं म्हणून तिने टाचण्यांच्या उशीतल्या दोन टाचण्या काढून पुढे केल्या. “धर ओठांत. आमच्या धंद्यात बोलणं बंद ठेवायचा हाच उपाय.”

चिमणीने आधी नवी आवृत्ती कॉम्प्युटरवर चढवली, मग ती टाचण्या ओठांत धरून स्टुलावर बसली.

ताई मोठ्याने वाचू लागली. नमुना उघडा. तिने उघडला. कागदाचा आकार निवडा. निवडला. “छपाईच्या खिडकीत सगळं चित्रात दाखवल्याप्रमाणे ठेवा.” ताईने चित्राकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं, पुन्हा चित्राकडे पाहिलं. एकेक ओळ ती बोटाने जुळवत होती. इतक्या निगुतीने वाचणाऱ्या बाईला आपण ‘तू नीट वाचलं नसशील’ म्हणालो, हे आठवून चिमणीचे कान तापले.

प्रिंटर कुरकुरला आणि पहिला कागद बाहेर आला. नव्या आवृत्तीत पहिल्याच पानाच्या कोपऱ्यात एक छोटा चौकोन छापला जातो, बाजू पाच सेंटिमीटर. चिमणीने त्याबद्दल अगदी शेवटी लिहिलं होतं, नवव्या पायरीवर: सगळं चिकटवून झालं की चौकोन मोजून खात्री करा. पण ताई पडली शिंपीण. आकडा दिसला, की तिचा हात आपोआप गळ्यातल्या टेपकडे जातो.

“इथे पाच लिहिलंय,” ताई म्हणाली. “भरतंय चार पॉइंट आठ.”

चिमणी उठून उभी राहिली. तिने टेप घेतली, स्वतः मोजलं. चार पॉइंट आठ. मग ती स्क्रीनकडे वळली आणि आपणच पाच वर्षांपूर्वी काढलेलं, तेव्हापासून हजार वेळा नजरेखालून गेलेलं ते चित्र तिने पहिल्यांदाच नीट पाहिलं. ‘कागदात बसवा’ या ओळीपुढे बरोबरची खूण होती. म्हणजे प्रिंटर सगळा नमुना लहान करून कागदात बसवणार. मजकुरात ही खूण करा असं कुठेच नव्हतं. जाणकार माणसं त्या चित्राकडे बघतच नसत, आपल्या सवयीने खूण काढून टाकत. चित्र बघून तंतोतंत तसंच करणाऱ्याचा मात्र प्रत्येक कपडा लहान होणार होता.

तिने टाचण्या काढल्या. “ताई, त्या कोटाचा नमुना कुठाय?”

ताई काही टाकून देणाऱ्यातली नव्हती. मागच्या भिंतीवर खिळ्याला तो टांगलेला होता, वर तारीख आणि व्हायोलिनवाल्याची मापं. दोघींनी तो कापायच्या टेबलावर पसरला. मापात छाती एकशे चार. ताईने टेप लावली. कागदावर जेमतेम शंभर भरली.

ताईने टेप काढून पुन्हा लावली. शंभरच.

“म्हणजे मी बरोबर केलं होतं,” ती म्हणाली.

“तू बरोबर केलं होतंस. पान चुकीचं होतं. माझं पान,” चिमणी डोळे पुसत म्हणाली. “आणि वर मीच तुला बोलले.”

“रडायचं नंतर बघ,” ताई नाक ओढत म्हणाली. “वाजले किती?”

तीन वाजून दहा मिनिटं. आणि तीनला सगळं गोठवायचं, पुढे स्वल्पविरामही हलवायचा नाही, अशी सक्त ताकीद आजोबांची होती. आजोबा म्हणजे ज्याने ‘बेतणी’ सुरू केली तो. वय एकोणतीस; सदा कुरकुरतो म्हणून हे नाव. चिमणीने फोन लावला.

“आता काही बदलायचं नाही,” आजोबा हॅलोच्या आधी म्हणाले.

“छपाईचं चित्र चुकलंय. पाच वर्षं.”

तिने सगळं सांगितलं. पलीकडे कळफलकाची खडखड झाली आणि थांबली. “चिमणे,” आजोबा म्हणाले, “कपडा लहान झाला, अशा नऊ तक्रारी आल्यात आजवर. नऊच्या नऊ मी बंद केल्यात. मापं नीट घ्या, असं लिहून.”

“मग आता उघड त्या.”

“उघडतो. पन्नास मिनिटं आहेत. चौदा भाषांत तेच चित्र आहे, मी सगळ्यांना उठवतो. तू मजकूर दे.”

मग जी धांदल उडाली ती विचारू नका. ताईने खूण काढून पुन्हा छापलं, चौकोन पाच भरला, आणि चिमणीने तिथल्या तिथे ताईच्याच स्क्रीनचं नवं चित्र घेतलं. कोणाकोणाचे निरोप टपाटप येत होते: माझ्या भाषेत झालं, माझ्याही. मध्येच चिमणीच्या लक्षात आलं की जुन्या आवृत्त्यांची पानंही वेबसाइटवर आहेत आणि ती वाचणारे कमी नाहीत. तिथेही चित्र बदललं. मग नव्या पानावरची नववी पायरी उचलून पहिली केली.

“ती कशी लिहू?” तिने विचारलं.

“कात्रीला हात लावण्याआधी टेपला लावा,” ताई म्हणाली. “एकच कागद छापा. चौकोन मोजा. पाच भरला तरच पुढचे छापा.”

चिमणीने शब्दही बदलला नाही. चार वाजायला सहा मिनिटं असताना तिने पानाच्या तळाशी आणखी दोन ओळी घातल्या आणि पाठवून दिलं. चार वाजता नवी आवृत्ती बाहेर पडली. निरोपांचा पाऊस सुरू झाला, आजोबांनी तर चक्क हसरा चेहरा पाठवला. चिमणीला नाचावंसं वाटत होतं. ताई मात्र स्क्रीनपुढे बसून पान वरपासून वाचत होती, बोट लावून, तळापर्यंत. तिथल्या ओळी तिने दोनदा वाचल्या.

‘या पानावरचं चित्र पाच वर्षं चुकीचं होतं. ज्यांचे कपडे लहान झाले, त्यांनी सूचना नीटच वाचल्या होत्या.’

ताईने चष्मा पुसला. खणातून जुनी वही काढली, एक नंबर शोधला आणि फोन लावला.

“मी शिंपीण बोलतेय. तुमचा कोट छातीला चार सेंटिमीटर कमी झाला होता, आठवतंय?” ती म्हणाली. “या एकदा, नवा शिवते. आता बसेल.”

फोन ठेवून तिने अर्धवट राहिलेली बाही पुढे ओढली, कात्री उचलली आणि न थांबता कापलं.