मंगळवारची मोटर

लालासाहेब चेअरमन वारल्याचं कळलं तेव्हा संयोगिताला वाईट वाटलं नाही. मेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात, म्हणून ती बोलली नाही एवढंच. या माणसामुळे आपला बाप दीड वर्ष सातारच्या तुरुंगात बसला आणि नंतर गाव सोडून कराडला लेकीच्या घरी खाली मान घालून राहिला, अशी तिची छत्तीस वर्षांची खात्री होती.

तेरावं झाल्यावर चेअरमनांच्या सुनेने माळा आवरला आणि एक खोकं कराडला संयोगिताकडे पाठवून दिलं. आत गावच्या पाणी संस्थेचा जुना कॉम्प्युटर होता, टेपरेकॉर्डर होता आणि एक कॅसेट होती. संयोगिताने कॅसेट छातीशी धरली. हिच्या जोडीची दुसरी कॅसेट तिच्या स्वतःच्या कपाटात इतकी वर्षं पडून होती.

अठ्ठ्याऐंशी साली चेअरमनांच्या मुंबईच्या मेहुण्याने हा कॉम्प्युटर गावच्या उपसा पाणी संस्थेला भेट दिला होता. तो टीव्हीला जोडायचा आणि लिहिलेलं कॅसेटवर साठवायचं. तो चालवणार कोण? कराडला डिप्लोमा करणारी एकोणीस वर्षांची संयोगिता. ती शनिवारी गावी यायची, मीटिंगमध्ये ठरलेल्या पाण्याच्या पाळ्या इंग्रजी अक्षरांत मराठी लिहून एका कॅसेटवर भरायची आणि ती कॅसेट चेअरमन ठेवून घ्यायचे. रविवारी तीच यादी छपाईसाठी तपासून ती दुसऱ्या कॅसेटवर घ्यायची. ती कॅसेट तिच्याकडे राहायची आणि छापलेला कागद नदीकाठच्या मोटरघरात लागायचा. मोटरीवर होता तिचाच बाप, नाथाजी. फौजेत रोमन लिपी शिकल्यामुळे गावात तो कागद वाचता येणारा तो एकटाच. लेक लिहिते आणि बाप वाचतो, या गोष्टीवर गडी मिशीला पीळ देत फिरायचा.

अमावस्येला मोटर बंद ठेवायची आणि विहिरीतला गाळ काढायचा, अशी संस्थेची रीत होती. त्या महिन्यात मीटिंगने मंगळवार ठरवला. हरिबा मीटिंगला बसला होता, तो दिवस ध्यानात धरून मंगळवारी सकाळी विहिरीत उतरला. आठ वाजता नाथाजीने वरून बटन दाबलं. पाण्यात करंट उतरला आणि हरिबा जागच्या जागी गेला. त्याचा जयराज तेव्हा पाळण्यात होता.

संयोगिता हॉस्टेलवरून धावत आली, तेव्हा बाप तिला एवढंच म्हणाला होता, "कागद बगूनच दाबलं गं मी." दुसऱ्या दिवशी पोलिसांपुढे मात्र त्याने हात जोडले. "चूक माजीच हाय सायेब. मी कागद बगितलाच न्हाई." मोटरघराच्या भिंतीवर तेव्हा नुसते चार खिळे होते. कागद गेला कुठे, हे कुणालाच कळलं नाही. चेअरमनने आपल्या कॅसेटवरची यादी मागाहून कुणाकडून तरी फिरवून घेतली, तसा कागद लावला, मग तो फाडला आणि बापाला दम भरला, हे संयोगिताने तेव्हाच ओळखलं. चोर सोडून संन्याशाला फाशी! आता दोन्ही कॅसेटी हातात होत्या. ताडून पाहायचं, बस.

तात्या, म्हणजे नाथाजी, आता ब्याऐंशीचे होऊन अंथरुणाला खिळले होते. खोकं बघून ते उखडले. "भंगारात घाल ते. मेलेली मढी कशाला उकरतीस?"

"तात्या, तुमचं नाव धुऊन निघंल."

"मला न्हाई धुवायचं."

घाबरतात बिचारे, असं तिला वाटलं. तिने जयराजलाही फोन करून सांगितलं. तो म्हणाला, "आक्का, तसं निगालं तर तात्यांच्या पायावर डोकं ठेवीन मी. पर खरं काय ते सांगा."

तिच्या लॅपटॉपवर दोन फाइली ताडणारा प्रोग्राम होताच. एक ओळ टाइप केली की फरक पुढ्यात. पण त्या झिजलेल्या कॅसेटींचा आवाज लॅपटॉपला कळेना. त्या वाचाव्यात तर त्या म्हाताऱ्या कॉम्प्युटरनेच. म्हणजे तो प्रोग्रामच या मशीनवर उतरवणं आलं. लॅपटॉपवर दोन फाइली शेजारी शेजारी उघडतात. इथे टेपरेकॉर्डर एक आणि मेमरी चिमूटभर. संयोगिता हटली नाही. मशीनचे जळके भाग बदलले. पहिल्या, म्हणजे चेअरमनांकडच्या, कॅसेटीच्या प्रत्येक ओळीतल्या अक्षरांवरून एकेक आकडा काढून तेवढेच आकडे मेमरीत ठेवायचे, मग कॅसेट बदलायची आणि दुसरीच्या ओळी त्या आकड्यांशी लावून बघायच्या. जिथे जुळणार नाही, त्या ओळीचा नंबर पडद्यावर येईल. आपल्या कॉम्प्युटर क्लासमधल्या पोरांना शिकवून उरलेल्या वेळात तिला अडीच महिने लागले.

एका रविवारी दुपारी दुसरी कॅसेट शेवटपर्यंत फिरली. पडद्यावर तीन आकडे आले: ९, १०, ३२.

फरक होता! आनंदाने तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने लगेच दुसऱ्या कॅसेटीवरच्या त्या ओळी काढल्या. नववी: सोमवार, मोटर बंद, गाळ काढणे. दहावी: मंगळवार, मोटर चालू सकाळी आठ. आणि बत्तिसावी ओळ पहिल्या कॅसेटीवर नव्हतीच. छपाई एकतिसाव्या ओळीवर थांबायची. त्याखाली स्वतःपुरती टीप लिहायची सवय एकाच माणसाला होती.

"कॅलेंडरप्रमाणे अमावस्या सोमवारी दुपारी लागते. मंगळवारचं बंद सोमवारी घेतलं. सोमवती आहे. संयोगिता."

ती ते वाचत राहिली. परीक्षेची घाई, भिंतीवरचं कॅलेंडर, या अडाण्यांना एवढंही कळत नाही असं वाटलेलं, सगळं एकेक करून वर आलं. सूर्य उगवताना जी तिथी असेल ती त्या दिवसाची, हे गावातल्या शेंबड्या पोराला ठाऊक होतं. मंगळवारच बरोबर होता. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. हिच्या शहाणपणाने माणूस गेला. आणि हिने छत्तीस वर्षं चेअरमनला शिव्याशाप दिले.

"काय निगालं गं?" आतून तात्यांनी विचारलं.

ती दारात गेली. "काही नाही तात्या. दोन्ही सारख्याच आहेत."

म्हणजे कागद बरोबर होता आणि दोष सगळा त्यांचाच. हे ऐकून म्हातारा खचायला हवा होता. तात्यांनी डोळे मिटले, छातीतला श्वास सोडला आणि बऱ्याच दिवसांनी हसले.

"बरं झालं," ते म्हणाले. "लय बरं झालं. आता ते मशीन टाक नदीत, आन् मला जरा पेज दे."

तेव्हा तिला कळलं. भिंतीवरचा कागद कुणी काढला आणि का काढला, ते कळलं. मंगळवार ठरला होता हे लोकांच्या तोंडून ऐकताच बापाने लेकीची चूक ओळखली होती, आणि ती गिळून तो तुरुंगात जाऊन बसला होता. तिचं डिप्लोमाचं वर्ष वाया जाऊ नये म्हणून, तिचं लग्न अडू नये म्हणून. दोन्ही झालं. ती त्याच्या जिवावर जगली आणि वर त्यालाच भित्रा समजली.

तिने पेज करून दिली. ते वाटीभर प्यायले. मग ती पडवीत आली आणि तिने फोन लावला.

"जयराज, फरक निघाला."

"व्हय? आक्का, कुणी केला? चेअरमननंच न्हवं?"

आत खाट करकरली. "संयोगिता!" तात्यांचा आवाज फाटला होता. "फोन ठेव, पोरी. तुज्या पाया पडतो, फोन ठेव."

"आक्का? कुणाचं नाव निगालं?"

"माझं," ती म्हणाली.

आत वाटी खाली पडली आणि म्हातारा रडायला लागला.