मागे सरणारा दरवाजा

मित्रांनो, मी लिफ्टचा एक जुना दरवाजा आहे. सध्या मी आडवा आहे. माझ्यावर कापड पसरलेलं असतं आणि लोक मला टेबल म्हणतात. मी ते मनावर घेत नाही. उभ्या आयुष्यात लोक मला याहून वाईट बोलले आहेत.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. जन्म म्हणजे काय, तर पत्रा कापला, वाकवला आणि चकचकीत केला. माझ्या कडेला वरपासून खालपर्यंत एक रबरी पट्टी लावली. ती पट्टी म्हणजे माझी अक्कल. तिला काहीही लागलं, हात, पिशवी नाहीतर कुणाचं पोट, की मी थांबायचो आणि मागे सरायचो. मला ढकलणाऱ्या मोटरचा जोर मुद्दाम कमी ठेवला होता. लहान मुलाने तळहाताने अडवलं तरी मी अडलो पाहिजे, असा त्यामागचा विचार. कारखान्यातल्या तपासनीस बाईंनी मला स्वतःच्या दंडावर पुन्हा पुन्हा आपटून घेतलं आणि म्हणाल्या, "जाऊ दे ह्याला. हा कुणाला मारायचा नाही." माझ्या आयुष्यातलं ते पहिलं कौतुक. पुढे आणखी एकदा झालं, पण ते झालं नसतं तर बरं होतं.

मग मला एका उंच इमारतीत बसवलं. मी डब्याचा दरवाजा, त्यामुळे डब्याबरोबर वर-खाली फिरायचो. प्रत्येक मजल्यावर माझा एकेक भाऊ उभा असायचा. भावांना स्वतःची मोटर नव्हती. मीच त्यांना धरून उघडायचं आणि धरून मिटायचं. घरोघरी असतो तसा मी थोरला होतो.

त्या इमारतीत एक रीत होती. जो आधी लिफ्टमध्ये शिरेल त्याने दारात हात घालायचा आणि मागून येणाऱ्यासाठी थांबायचं. "या, या, सावकाश या" असं तोंडाने म्हणायचं, मनात काहीही म्हणत असलं तरी. जो दार सोडून निघून जाई त्याच्याबद्दल जिन्यात बोललं जाई. मी मिटायला जायचो, हाताला लागायचो, मागे सरायचो. कुणी छत्री घालायचं, कुणी पाय. एक गृहस्थ तर दारात कोबीचा गड्डा ठेवून घरी विसरलेलं पाकीट शोधायला गेले. ते येईपर्यंत मी कोबीशी नम्रपणे वागत राहिलो.

सगळ्यात जास्त वेळा हात लागायचा तो ताईंचा. ताई सहाव्या मजल्यावर राहायच्या, अगदी लिफ्टसमोर. त्या शिवणकाम करायच्या. नवरा गेलेला. त्या आणि सासूबाई, दोघींचं घर त्या एका मशीनवर चालायचं. सासूबाईंचे गुडघे कामातून गेलेले. घराच्या दारापासून लिफ्टपर्यंत यायला त्यांना इतका वेळ लागे की खालचे लोक जिना चढून, काय झालं ते बघून परत जात. तेवढा वेळ ताईंचा उजवा हात माझ्या वाटेत असे. बोटांच्या टोकांना सुईच्या खुणा, अंगठ्याजवळ कात्रीचा घट्टा. तो हात मला पाठ झाला होता.

"येताय ना, आई?"

"येतेय. तुझ्या लिफ्टला सांग, मला पाय आहेत, चाकं नाहीत."

मग इमारतीला घाई झाली. कशाची ते कुणालाच सांगता आलं नाही, पण झाली. सोसायटीची मीटिंग तळमजल्यावर, माझ्यासमोरच भरली. मला कुणी काही विचारलं नाही. सेक्रेटरी म्हणाले, दार मंद आहे. छत्रीवाले काका म्हणाले, "दार आहे का नवी नवरी? पुढे येतं काय, लाजतं काय." सगळे हसले. शेवटी सासूबाई बोलल्या. "मेलं एकदा पुढे, एकदा मागे. मी पाय टाकायचा कधी? त्याला म्हणावं, काय ते एकदाच ठरव." ठराव एकमताने पास झाला. ताईंनीही हात वर केला. उजवाच.

मेकॅनिक आला. त्याने मोटरचा जोर वाढवला. मग रबरी पट्टीच्या तारा उपसून अशा जोडल्या की पट्टीला काहीही लागलं तरी मला कळू नये.

"काही होणार नाही ना?" सेक्रेटरींनी विचारलं.

"हात घातला नाही तर काय होतंय?"

सेक्रेटरींना ते पटलं. हात न घालणारा माणूस त्या इमारतीत अजून जन्माला यायचा होता, हे दोघांनाही आठवलं नाही.

त्यानंतर माझं कौतुक झालं. "आता कसा दणक्यात लागतो," असं लोक पाहुण्यांना सांगू लागले. काकांनी सवयीने छत्री घातली. छत्रीची काडी न् काडी मोडली. काकांनी ती छत्री मजल्या-मजल्यावर नेऊन अभिमानाने दाखवली. लोकांनी ती हातात घेऊन पाहिली. हातात घेऊनसुद्धा कुणाला काही सुचलं नाही.

एका सकाळी ताई सासूबाईंना डॉक्टरकडे घेऊन निघाल्या. ताई आत आल्या. सासूबाई काठी टेकत बाहेर येत होत्या. ताईंनी नेहमीसारखा हात घातला.

मित्रांनो, मला दिसत होतं, ऐकू येत होतं, फक्त लागत नव्हतं. मोटर म्हणाली पुढे, मी पुढे गेलो. माझ्या आणि चौकटीच्या मध्ये ताईंची चार बोटं होती. मी ढकलत राहिलो. ताई ओरडल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "आई, धावू नका, पडाल."

सासूबाई धावल्या. फटीत काठी घालून त्यांनी जोर लावला, ती मोडली. मग नुसत्या हातांनी ओढत राहिल्या. कुणीतरी लिफ्टची वीज बंद केली तेव्हा मी थांबलो.

पुन्हा मीटिंग झाली. चौकशीत एकच दोषी सापडला, तो मी. दरवाजा मुळातच खुनशी आहे असं ठरलं. नवा दरवाजा मागवला आणि प्रत्येक भावाच्या छातीवर पाटी लावली : दारात हात घालू नये. मला भंगारात काढताना सासूबाई म्हणाल्या, "तो मला द्या."

"कशाला, आजी?"

"रोज बघायला."

मला जिन्याने वर नेलं. लिफ्टमध्ये मी मावलो नाही.

सासूबाईंनी मला दोन पेट्यांवर आडवं ठेवलं आणि नव्या काठीने एक तडाखा दिला. मग बराच वेळ त्या माझ्यावर डोकं टेकून बसल्या. पुढच्या दिवशी त्यांनी माझ्यावर कापड पसरलं. ताईंची दोन बोटं आता मिटत नाहीत आणि दोन उघडत नाहीत. त्यामुळे सासूबाई कापतात, सासूबाईच मशीन चालवतात आणि ताई शेजारी बसून सांगतात.

"आई, ही बाही आहे का पायमोजा?"

"ज्याला जिथे बसेल त्याने तिथे घालावं."

दोघी हसतात. गिऱ्हाईक मात्र हसलं नाही. शर्ट गेले, फ्रॉक गेले. आता फक्त उशांचे अभ्रे येतात, कारण उशी तक्रार करत नाही. अभ्र्यांवर दोघींचं पोट भरत नाही.

आणि परवा इमारत म्हणाली, नवा दरवाजा फार मागे-मागे करतो.

तोच मेकॅनिक आला. तो लिफ्टमध्ये असताना सासूबाईंनी सहाव्या मजल्यावर बाहेरून बटण दाबलं. दार उघडलं तशी त्यांनी बरोबर मधोमध खुर्ची ठेवली आणि बसल्या. नवा दरवाजा त्यांच्या गुडघ्याला लागला आणि मागे सरला. आमच्या घराचं दार उघडं होतं. मला सगळं दिसत होतं.

"आजी, उठा. पाच मिनिटांचं काम आहे."

"तुझं पाच मिनिटांचंच असतं. बस आत."

खालून लोक ओरडू लागले. सेक्रेटरी जिना चढून धापा टाकत आले. "आजी, लोक खोळंबलेत."

"खोळंबू देत. माझी सून जन्माची खोळंबली आहे."

तेवढ्यात ताई घरातून उठून लिफ्टपाशी गेल्या. त्यांनी तोच हात दारात धरला. दरवाजा आला, हाताला लागला आणि मागे सरला. पुन्हा आला, पुन्हा सरला. ताई शांतपणे म्हणाल्या, "सेक्रेटरी, जोर वाढवा की. फक्त वाढवून झाल्यावर आधी तुमचा हात घाला."

सेक्रेटरींनी आपल्या हाताकडे पाहिलं. मग तो खिशात घातला. मेकॅनिकने पिशवी उचलली आणि तो खुर्चीला वळसा घालून जिन्याने खाली गेला.

मित्रांनो, एखादा दरवाजा तुम्हाला लागून मागे सरला तर त्याला मंद म्हणू नका. त्याला तुम्ही कळलात, एवढंच झालेलं असतं. त्याची ती अक्कल कुणी काढून घेत असेल तर मध्ये खुर्ची टाकून बसा.

आज अभ्रे कापायचे आहेत. सासूबाईंना सरळ रेषेत कापता येत नाही. ताई डाव्या हाताने कापड धरतात, आणि मी खाली अजिबात न हलता पडून राहतो.